मापाचा गाल

॥ श्री ॥

अकलोली,
१४ सप्टेंबर २०२५

चि. रुचिकास,
अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. तुमच्या नेमबाजीच्या सेंटरवाल्यांनी फोन कपाटात कोंडून ठेवलेत आणि रविवारी जी दहा मिनिटं मिळतात ती आई एकटी खाते. मग बहिणीने काय करायचं? बसली कागद-पेन घेऊन.

काल वळ गावी, माहेरी गेले होते. दादा गोदामातली ड्युटी करून झोपले असतील म्हणून हळूच शिरले, तर दादा, आई आणि केसरीनाथमामा असे तिघं चहा घेत बसलेले आणि विषय काय, तर रुचिकाची रायफल. नोव्हेंबरच्या निवड चाचणीला ज्याने त्याने आपापली रायफल आणायची, सेंटरची मिळणार नाही, हे मला तिथे कळलं. मला कोण सांगणार? मी आता अकलोलीची. नवी हवेची रायफल घेणं आपल्या ऐपतीबाहेरचं, म्हणून तुकड्यातुकड्यांनी जमवायची ठरलीय. ठाण्याचा एक नेमबाज त्याच्या जुन्या रायफलीची नळी आणि यंत्र स्वस्तात देतोय. तिचा लाकडी दस्ता फुटलाय, तो मामा नवा करणार. मामाने उभं आयुष्य लूमचे लाकडी धोटे घडवले, आता धोट्याचे लूम राहिले नाहीत म्हणून बिचारा देव्हारे करतो. तुझ्या दस्त्याचं नाव काढल्यावर त्याच्या अंगात आलंय नुसतं.

रुचे, खरं सांगू? मला तुझा हेवा वाटला. वज्रेश्वरीच्या जत्रेतला फुगेवाला मला लांबून बघितलं की बंदूक पाठीमागे लपवायचा. तुला हाताला धरून नेमबाजीच्या क्लबात कोणी नेलं? मी नेलं. माझं लग्न ठरलं तेव्हा दादांनी बाप म्हणून सांगितलं, आता खेळ बस झाला. आणि आज तेच दादा नळी कुठली चांगली याच्यावर वाद घालतायत! हरेश चांगला आहे, सासूबाई चांगल्या आहेत, गरम पाण्याच्या कुंडावरचं नारळ-फुलांचं दुकानही बरं चालतं. पण मला कोणी रायफल जमवून दिली नाही. लिहून टाकलं, आता जरा बरं वाटतंय.

कळावे. लोभ आहेच, पण सध्या त्याला आंबट वास येतोय तेवढा सोसून घे.

तुझी,
रंजिताताई


नाशिक,
२३ सप्टेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पलंगावर बसून वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या आसावरीने विचारलं, काय झालं. आणि मग लगेच रडूही आलं, ते तिला दिसू दिलं नाही.

तुला माझा हेवा वाटतो होय? मग माझंही ऐक. तू गरम भाकरी खातेस, सुकटीची चटणी खातेस, रात्री आपल्या माणसांत झोपतेस. इथल्या डाळीत डाळ शोधावी लागते. ही आसावरी भिवंडीतल्या एका डॉक्टरांची मुलगी. तिची रायफल परदेशातून आलीय, निळी, आणि तिच्या पेटीला चाकं आहेत. माझ्या कपड्यांच्या बॅगेलासुद्धा चाकं नाहीत, ताई. ती स्वभावाने चांगली आहे हे आणखी वाईट. वाईट असती तर मनापासून जळता तरी आलं असतं.

या चाचणीत निवड झाली नाही तर माझा इथला पलंग दुसरीला जाणार. मग घरी. दापोड्याच्या आत्याने स्थळ बघून ठेवलंय, मुलाचे म्हणे दोन टेम्पो आहेत. तुला सगळं माहीत आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. मला परत यायचं नाहीये.

आता काम. आमच्या कोच मृणालीमॅडमचं म्हणणं, दस्ता घडवताना नेमबाज स्वतः समोर पाहिजे, विशेषतः गाल टेकतो तो भाग. मला सुट्टी मिळत नाही. रविवारी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, त्यात काय, रंजी हाय ना! तुम्हा दोघींचे ब्लाऊज जन्मभर एकाच मापाच्या ब्लाऊजवर शिवले, मग रायफलीने काय घोडं मारलंय? तेव्हा तूच जा मामाकडे. फक्त आंबट तोंड करून गाल देऊ नकोस, लाकडाला तसंच वळण पडेल.

हरेशदाजींना नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
रुची


अकलोली,
६ ऑक्टोबर २०२५

चि. रुचिकास,
अ. उ. आ.

गेले बाई. तीन खेपा झाल्या. सासूबाईंना सांगितलं की बहिणीचं काम आहे, तर त्यांनी दुकान सांभाळलं आणि वर मामासाठी नारळही दिला.

दसऱ्याला नळी पूजेपुरती मामाकडून घरी आणली होती. आईने हरेशच्या टेम्पोला हार घातला आणि शेजारी पाटावर ती नुसती नळी ठेवून तिला झेंडू वाहिला. शेजारची बाई विचारून गेली, नवा नळ बसवताय का? दादा एवढे चिडले! मी पदरात तोंड लपवून हसले.

मामाच्या कारखान्याच्या बाजूला नवे, बिनधोट्याचे लूम खडखडत असतात, त्यामुळे मामा सगळं ओरडून सांगतो. डोळे मिट, रायफल खांद्याला लाव, गाल टेकव, आता उघड. उघडले की डोळा नेम धरायच्या मागच्या चकतीच्या भोकात बरोब्बर मध्यात आला पाहिजे. पहिल्या दिवशी नाही आला. मामा घासायचा, मी टेकवायची, परत घासायचा. गाल टेकतो ती पट्टी त्याने वेगळी केलीय, दोन स्क्रूंवर बसते. तिसऱ्या खेपेला डोळा उघडला आणि समोरच्या कॅलेंडरवरची एकादशी चकतीच्या मध्यात अशी येऊन बसली की मला श्वास सोडवेना.

रुचे, मला ती खाली ठेववेना. मामा म्हणाला, झालं गं, दे आता, आणि मी आणखी एकदा, आणखी एकदा करत राहिले. माझ्या गालाला लाकूड कसं लागतं, नवीन लाकडाचा वास कसा येतो, हे सगळं मला मिळालं आणि रायफल जाणार तुझ्याकडे. एसटीत बसून परत येताना मी तुला मनात पुष्कळ नावं ठेवली. ती इथे लिहीत नाही, टपाल खातं काय म्हणेल.

दिवाळीचा फराळ आणि रायफल, हरेश टेम्पोतून एकदमच आणून देईल. सगळे कागद सोबत असतील. सांभाळून वापर. रायफल तुझी, गाल माझा, एवढं विसरू नकोस म्हणजे झालं.

तुझी,
ताई


नाशिक,
२८ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हरेशदाजी येऊन गेले. चकल्या खुसखुशीत होत्या. रायफल मला होत नाही.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. पेटी उघडली तेव्हा सगळ्या मुली भोवती जमल्या होत्या. लाकूड इतकं देखणं की आसावरीने त्याच्यावरून हात फिरवला आणि तिच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच थोडा हेवा दिसला. किती बरं वाटलं सांगू! मग मी गाल टेकवला, डोळा उघडला, तर चकतीची खालची कड दिसते. मान ताणून बघायचं तर नेम भलतीकडे जातो. मॅडमनी माझा चेहरा हातात धरून बघितला आणि विचारलं, माप कोणाचं घेतलं होतं?

आरशात पाहिलं, ताई. माझे गाल बसलेत. तुझे लग्नानंतर भरलेत, पुरीसारखे. आईच्या मापाच्या ब्लाऊजला हे कसं कळणार? पण तुला कळायला हवं होतं. तू तीन खेपा गेलीस. एकदाही मनात आलं नाही की रुची वाळली असेल? की आलं होतं? मला राहवत नाही म्हणून विचारते, तू मुद्दाम आपल्या मापाची करून घेतलीस का?

चाचणी पंधरा नोव्हेंबरला आहे. पट्टीवर टॉवेलचा तुकडा गुंडाळून सराव करते, तो सरकतो. मॅडम म्हणतात वरून फोमचे थर चिकटवून बघू. आसावरी स्वतःहून तिची जुनी रायफल द्यायला तयार आहे. मी नाही म्हटलं. तिच्या उपकाराने निवडून यायचं असेल तर दोन टेम्पोवाला काय वाईट!

आणखी काय लिहू? मामाला यातलं काही सांगू नकोस, त्याला लागेल. मनात असेल तर लिही.

रुची


अकलोली,
१ नोव्हेंबर २०२५

चि. रुचिकास,
आशीर्वाद, न मागता.

तुझं पत्र आलं आणि रायफल तुला होत नाही हे वाचून आधी मला आनंद झाला. हो, झाला. नारळ सोलता सोलता वाचलं आणि हसू आलं. ती माझीच आहे, मला सोडून कोणाला होत नाही, असं वाटलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, त्याला सुट्टे देताना पुढचं वाचलं आणि लाज वाटली. मग मुद्दाम केलंस का हे वाचलं आणि असा संताप आला की त्या गिऱ्हाइकाला पैसे जास्त देऊन बसले.

मुद्दाम नाही केलं गं. तुझा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर अजून शाळेतलाच आहे, गोबरा. तू वाळली असशील हे खरंच सुचलं नाही, कारण तिकडे तू मजेत आहेस, सगळे तुलाच बघतायत, असं धरूनच मी जळत होते. आईला सांगितलं. ती रडली. माप चुकलं म्हणून नाही, पोर वाळली म्हणून.

आता नीट ऐक. माझ्या पट्टीवर फोम चिकटवायचा नाही, टॉवेल तर काढच आधी. मामाकडे गेले. तू नको म्हणालीस तरी सांगितलं, आणि त्याला लागलं. मग त्याच लाकडाचा उरलेला ठोकळा काढला, पट्टीएवढा कापून दिला, भोकं पाडून दिली, आणि कानस माझ्या हातात दिली. घासायचं कसं ते मी तीन खेपा बघितलंच आहे. येत्या शनिवारी, आठ तारखेला, पडघ्याला नाशिकची एसटी धरते. मॅडमची परवानगी काढून ठेव. आणि पोटभर जेव, नाहीतर मी आल्यावरही माप बदलत राहील.

भेटल्यावर भांडू. माया काही कमी झालेली नाही, तेवढ्यापुरती निश्चिंत राहा.

ताई


नाशिक,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झाली! निवड झाली. यादीत माझं नाव खालून दुसरं आहे, पण आहे. आसावरी माझ्यापेक्षा बरीच वर. मी तिला मिठी मारली आणि मिठीतसुद्धा थोडी जळले. आईला काल फोनवर सांगितलं तर दहाच्या दहा मिनिटं ती देवांची नावं घेत होती, म्हणून तुला सविस्तर लिहिते.

त्या शनिवारी तू व्हरांड्यात मांडी घालून बसलीस, साडीभर भुसा, आणि मला सारखी गाल टेकव, उचल, टेकव, असं ओरडत होतीस. इथे बाजूला लूम नाहीत गं, हळू बोललीस तरी चाललं असतं. मुली अजून तुझी नक्कल करतात. संध्याकाळी नवीन पट्टी बसली, डोळे मिटून उघडले आणि चकतीच्या मध्यात काळा ठिपका आला. तेव्हा तू तोंड फिरवून बॅग भरत होतीस. मी पाहिलं.

आता जे तोंडावर बोलले नाही ते लिहिते. जुनी पट्टी काढायच्या आधी मॅडमनी तुला निशाण्याचं एक कार्ड मारायला दिलं. मला वाटलं, ताईची हौस फिटेल. किती वर्षांनी रायफल धरलीस तू! आणि कार्ड हातात आलं तर सगळी भोकं मधोमध, एकमेकांत शिरलेली. मॅडम बराच वेळ ते कार्ड बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, तुझ्या बहिणीला आधी का नाही आणलंस?

त्या रात्री मला झोप लागली नाही. चार वर्षं मी इथे उन्हातान्हात घासतेय आणि तू नारळाच्या दुकानातून उठून येतेस! माझ्याच रायफलीने! इतकं जळले की चाचणीत प्रत्येक गोळीला तेच कार्ड समोर दिसत होतं. निवड झाली ती त्या रागाने झाली असेल, काय सांगावं. कार्ड माझ्या कपाटाच्या आत लावलंय. ते काही परत देणार नाही.

एक राहिलंच. जुनी पट्टी इथे सापडत नाही. तू नेलीस का?

दाजींना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार. रागावत राहा, पण लिहीत राहा.

तुझी,
रुची


अकलोली,
२५ नोव्हेंबर २०२५

चि. रुचिकास,
अ. उ. आ.

निवडीचं वाचून दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना पेढे वाटले. सासूबाई म्हणाल्या, धंदा करायचाय की लग्न?

पट्टी मीच आणली. विचारलं असतं तर तू दिली नसतीस. दुकानात फळीवर नारळांच्या शेजारी ठेवलीय. कुंडावर आंघोळीला येणारी माणसं विचारतात, हे काय देवाचं आहे का? मी काही सांगत नाही, रिकामा वेळ मिळाला की गाल टेकवून बघते.

परवा दादा आले होते. ती पट्टी त्यांनी उचलली, उलटीपालटी केली, आणि विचारलं की ही इथे कशाला आणलीस. मी म्हटलं, दादा, माझ्या रायफलीचा एक भाग मिळालाय, आता बाकीचे जमवायचे. दादांनी चहा संपवला. मला वाटलं, आता बस झालं म्हणतील. तर उठले, दुकानाबाहेर गेले आणि ठाण्याच्या त्या माणसाला फोन लावून विचारलं, आणखी कोणी जुनी नळी विकतंय का. हरेश तर सकाळपासून नळीसाठी टेम्पोत जागा करतोय, वेडा कुठला.

कळावे. लोभ माझा आहेच, तुझा आता कसाला लागेल. मामाने लाकूड बघून ठेवलंय. सुट्टीत आलीस तर कारखान्यात ये, पण लांब उभी राहून बघ. या खेपेला मापाला तुला बसवणार नाही.

तुझी,
रंजिताताई