पप्पांचं औषध आणि सँड्राचं लग्न

भुईगाव,
रविवार, चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर

प्रिय मर्लिनताई,

धाकट्या ज्युलियसचा नमस्कार. दोह्यात सगळे ठणठणीत असाल. इथे केळी बरी आहेत, मी बरा आहे, आणि पप्पांचं नक्की काय ते मलाच कळत नाही, म्हणून पत्र. (फोनवर सांगायला गेलो की पप्पा फोन काढून घेतात आणि तुला तिथली हवा विचारत बसतात.)

अल्झायमरच्या नवीन औषधाची बातमी ऐकली आणि त्यांना मुंबईला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, आजार सुरुवातीचा असेल तरच ते देतात, सलाइनमधून. मी विचारलं, "म्हणजे पप्पा पूर्वीसारखे होतील?" "नाही." "मग आहेत तसे राहतील?" "तेही नाही. बिघडतील, पण जरा सावकाश." (सावकाश बिघडणं तर आमचं आधीपासून चालूच आहे, असं तोंडावर आलं होतं.) शिवाय मेंदूला सूज येऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी रक्त आणि स्कॅन. त्या रक्तातल्या जनुकांवरून म्हणे मुलांच्या नशिबाचीही थोडी चाहूल लागते. तेव्हापासून मोटरसायकलची किल्ली सापडली नाही की मला घाम फुटतो.

पप्पा एकदम म्हणाले, "सावकाश म्हणजे किती?"

"काही महिने. तेही सगळ्यांनाच नाही."

"नातीचं लग्न पुढच्या डिसेंबरात आहे. तेवढ्यात बसेल?"

बाईंनी आधी स्कॅनची चिठ्ठी लिहून दिली.

स्कॅनमध्ये मेंदूत जुन्या बारीक रक्तस्रावाच्या बऱ्याच खुणा निघाल्या. हे औषध पप्पांना धोक्याचं, देता येणार नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. मला तिथेच रडू फुटलं. पप्पांनी माझी पाठ थोपटली आणि विचारलं, "म्हणजे सुई नाही ना?" येताना नायगावच्या पुलावर त्यांनी पोटभर भजी खाल्ली. मला एक गेली नाही.

भावजींना नमस्कार, सँड्राला गोड पापा.

तुझा,
ज्युलियस

ता. क. : लग्न अलीकडे आणता येईल का? विचार म्हणून लिहितोय, घाई नाही.

ता. क. २ (पत्र टाकायचं राहिलं, आज बुधवार) : घाई आहे. पप्पांनी चर्चच्या ऑफिसात जाऊन तारीख ठरवली. मग ठरवल्याचं विसरून पुन्हा ठरवली, आणि पुन्हा. मे, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. फादर विचारतायत, नवरी एकच ना? दोन रद्द करतो म्हटलं तर पप्पा ऐकत नाहीत. म्हणतात, "राहू देत सगळ्या. एखादी विसरलो तर?"