केस नंबर एक: लालबी

२ जानेवारी, शुक्रवार
एमएसडब्ल्यूचं फील्डवर्क आजपासून. सहा वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या. आता कळलं, मी प्रशासनासाठी नव्हतोच, समाजासाठी होतो.
आमच्या सुपरवायझर सुकन्या मॅडमनी प्रत्येकाला एकेक केस दिली. मला लालबी. साठीची, एकटी, घरी विड्या वळते. समस्या: रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. चाळीस वर्षं विड्या वळून बोटं गुळगुळीत झाली आहेत. ३१ तारखेच्या आत केवायसी झाली नाही तर नाव कटणार, गहू-तांदूळ बंद.
एक महिना भरपूर आहे.
घरी आम्ही तिघंच, अव्वा, अप्पा आणि मी. अप्पा म्हणाले, तुझीबी केवायसी राहिलीय रेवण, कोपऱ्यावर दुकान हाय, अंगठा देऊन ये. देतो म्हटलं.

६ जानेवारी, मंगळवार
पहिली गृहभेट. लालबी मांडीवर सूप घेऊन बसली होती. हात थांबले नाहीत. मी समाजकार्याची व्याख्या सांगितली: माणसाला स्वतःची मदत स्वतः करता यावी म्हणून केलेली मदत. ती म्हणाली, अच्छा. मग म्हणाली, चाय पीता?
दोन कप झाले.
तिची मागणी एकच. पुरवठा ऑफिसात दर मंगळवारी डोळ्याचं मशीन लावतात, अंगठा नसेल तर डोळा चालतो, असं तिला दुकानदाराने सांगितलंय. त्यासाठी अर्ज लागतो. तिला लिहिता येत नाही. तू संगट चल की बाबा, अर्ज लिही, बस्स, म्हणाली.
नम्रपणे नकार दिला. आपण बरोबर गेलो की क्लायंट परावलंबी होतो. शिवाय आधी अभ्यास, मग निदान, मग उपचार. आपण अजून अभ्यासात आहोत. ती म्हणाली, तुम पढेलिखे लोगां, तुमको मालूम.
क्लायंटशी विश्वासाचं नातं प्रस्थापित झालं.

९ जानेवारी, शुक्रवार
वस्तीत पाण्याचा दिवस निघाला. चार दिवसांनी नळ आलेला. मुलाखत कुणी देईना. लालबीच्या शेजारची महेजबीन म्हणाली, नुसतं उभा काय राहिलाय, पाइप धरा की. तासभर धरला. अहवालात लिहिलं: संसाधन वाटपात सहभागी निरीक्षण. पँट ओली.
निश्चय: पुढच्या भेटीआधी नळाची वेळ विचारणे. आमच्याकडे बोअर आहे, त्यामुळे ध्यानात राहत नाही.
अप्पांनी पुन्हा केवायसीचं काढलं. उद्या.

१३ जानेवारी, मंगळवार
गड्ड्याची जत्रा सुरू. कॉलेजला सुट्टी. लालबीकडे गेलो नाही, सणाच्या दिवसांत क्लायंटवर ताण नको. आकाशपाळण्यात बसलो. वरून सगळं सोलापूर एका नजरेत आलं. समाजाकडे असंच बघायला हवं.
अजून दोन मंगळवार आहेत.

१६ जानेवारी, शुक्रवार
लालबीचा इको-मॅप काढला. मधल्या गोलात ती. भोवती विडी कारखाना, रेशन दुकान, महेजबीन, महेजबीनचा नवरा रहिमतुल्ला, त्याची रिक्षा. घट्ट नात्याला जाड रेघ. सगळ्यात जाड रेघ माझ्याकडे येते. लालबीला दाखवला. बराच वेळ बघून म्हणाली, इत्ते लोगां हैं मेरे, अच्छा हुआ बताया.
मग तिने माझी चौकशी केली. परीक्षा किती वेळा दिली, लग्नाचं काय, बाप काय म्हणतो. भूमिकांची ही उलटापालट पुस्तकात मान्य नाही. तरी तिचं मन राखायला सगळं सांगितलं. पाऊण तास लागला. शेवटी डोळ्यांत पाणी आलं, तंबाखूची धूळ फार आहे तिथं. ती म्हणाली, हो जाता बेटा.
मंगळवारी बरोबर येण्याचं कबूल केलं. तत्त्व थोडं वाकवलं, मोडलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार
आज माझं सेमिनार होतं, हे सकाळी लक्षात आलं. विषय: समाजकार्यकर्त्याच्या भूमिका. सक्षम करणारा, मध्यस्थ, शिक्षक, बाजू मांडणारा. प्रत्येक भूमिकेला लालबीचं उदाहरण दिलं. टाळ्या पडल्या.
संध्याकाळी वस्तीत गेलो. महेजबीन दारातच भेटली. म्हणाली, लालबी खाला बुरखा घालून, कागदांची पिशवी घेऊन एक वाजेपर्यंत उंबऱ्यात बसली होती. सकाळी भिजवलेली पानं वाळून गेली, आज विड्या न्हाईत. तुमी मोठे लोक, तुमचं बरं चाललंय.
या स्त्रीत राग साठलेला दिसतो. ती माझी केस नाही, त्यामुळे बोललो नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार
नवा विचार. प्रश्न एका लालबीचा नाहीच, धोरणाचा आहे. झिजलेल्या बोटांवर चार पानी निवेदन लिहिलं. भाषा चांगली उतरली आहे. कोणाला द्यायचं ते ठरायचंय.
लालबीला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकलं. म्हणाली, चार पन्ने लिख्या बेटा. मेरा एक पन्ने का अर्ज लिखता तो?
क्लायंटचा प्रतिकार. यावर पुस्तकात अख्खं प्रकरण आहे.
शेवटचा मंगळवार २७. सकाळी नऊला येतो, असा तिला शब्द दिला.
रात्री अप्पांनी परत केवायसीचं काढलं. त्यांना सुनावलं, मी देणाऱ्यांतला आहे, घेणाऱ्यांतला नाही. अप्पा म्हणाले, भात तर घेतोस की दोन टाइम.

२७ जानेवारी, मंगळवार
काल झेंडावंदनाला पहाटे उठलो होतो. ती राहिलेली झोप आज भरून निघाली. जाग अकराला.
बाराला पोचलो. लालबीच्या दाराला कुलूप. समोरची बजाबाई म्हणाली, लालबी सकाळीच गेली की रहिमतुल्लाच्या रिक्षात. महेजबीन बी गेलीय, अर्ज तिनंच लिहिला. तुमचं काय काम हुतं?
थांबलो. दोनला आली. मशीनवर डोळा पहिल्याच वेळी जुळला. नाव राहिलं. येऊन लगेच तिने सूप मांडीवर घेतलं, मग आठवून उठली आणि मला चहा टाकला.
केस यशस्वीपणे बंद. क्लायंटला आपली गरज उरू नये, हेच समाजकार्याचं अंतिम ध्येय. मी ते ठरल्या मुदतीच्या चार दिवस आधी गाठलं.

३० जानेवारी, शुक्रवार
मूल्यमापनासाठी सुकन्या मॅडम स्वतः वस्तीत आल्या. लालबीला विचारलं, यांनी तुमच्यासाठी काय काय केलं? मी वही काढून बसलो.
लालबी म्हणाली, अच्छा बच्चा है. आता, बैठता, बातां करता. मेरा घर सूना है, आवाज रहता. कामधंदा नै ना बिचारे को. रहिमतुल्ला को बोली मैं, देखो इसका कुछ.
मॅडमनी माझा अहवाल उघडला. 'क्लायंट' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला. बाकी काही लिहिलं नाही. हा गोल चांगला की वाईट, विचारायचं राहिलं.
निघताना लालबीने विचारलं, तेरी केवायसी हुई क्या रे?
उद्या, म्हटलं.

३१ जानेवारी, शनिवार
कोपऱ्यावरच्या दुकानात मोठी रांग. सर्व्हर बंद. परत आलो. तारीख नेहमी वाढवतात.

२ फेब्रुवारी, सोमवार
वाढवली नाही. अव्वा रेशन घेऊन आली, तिघांऐवजी दोघांचं. माझं नाव कटलंय. जेवताना अव्वाने माझ्या ताटात नेहमीएवढाच भात वाढला आणि स्वतःच्या ताटात कमी घेतला. ते मला दिसलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार
नाव परत चढवायला कुठे जायचं, एवढंच विचारायला लालबीकडे गेलो. तिने सूप मांडीवरून खाली ठेवलं. चहा सोडला तर महिनाभरात तिचे हात थांबलेले मी पहिल्यांदा पाहिले. बुरखा घातला. रहिमतुल्लाला हाक मारली.
पुरवठा ऑफिसात तिला सगळे ओळखतात. मी चुकीच्या रांगेत उभा होतो, तिने दंडाला धरून दुसऱ्या रांगेत आणलं. अर्ज मी लिहिला. काय लिहायचं ते तिने सांगितलं. एक पान पुरलं. खिडकीशी जाऊन ती म्हणाली, बच्चा सीधा है भाई, जरा समझा के बोलो.
मशीनवाल्याने विचारलं, हे तुमचे कोण?
मेरे पास आता, ती म्हणाली.
अंगठा ठेवला. पहिल्याच वेळी उमटला. मशीनवाल्याने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. म्हणाला, असा न झिजलेला, कोरा अंगठा हितं लई कमी येतो. काय काम करता?
समाजकार्य म्हणणार होतो. लालबी शेजारी उभी होती.
काही नाही, म्हटलं.