माहीमच्या हॉटेलातला फोटो

वारे, रत्नागिरी
दि. १९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मृणाली हिला अनेक आशीर्वाद.

तुमच्याकडे सगळी कशी आहेत? दादाचा गुडघा काय म्हणतो? थंडी पडली की तो धरणारच, रात्री तेलाचा हात फिरवायला सांग. शुभंकररावांचं पित्त कमी झालं का? हॉटेलवाल्यानेच वेळेवर जेवायचं नाही, ही कुठली रीत! संस्कृतीचे पुढचे दात आले का? बोळक्यानेच ती फार गोड दिसायची. तुझा घसा बसला होता, तो सुटला असेल.

इकडे मी बरी आहे. शेजारच्या गंगुबाईची म्हैस व्यायली. काल खरवस केला, खाताना संस्कृतीची आठवण झाली. थंडी धरत नाही म्हणून आंब्याला मोहोर नाही.

तुझे फोन मी घेतले नाहीत. रेंज नव्हती असं गंगुबाईच्या संदेशला कळवायला सांगितलं होतं. रेंज होती.

हॉटेल उघडलंस त्या दिवशी मी आले ती न बोलावता आले, हे मला मान्य आहे. ‘आत्या, तुला प्रवास झेपणार नाही,’ असं तू दोनदा म्हणालीस. मला वाटलं, पोर काळजीने म्हणते. ठाण्याचं नूडल्सचं बंद पडलं, अंधेरीचं कॉफीचं बंद पडलं. आता तिसऱ्याला तरी घरचं कोणी म्हातारं माणूस दारात उभं असावं. म्हणून नारळ, कोकमं आणि नवे तांदूळ बांधून गाडीत बसले. तुम्हाला चकित करायचं होतं. झालं उलटंच.

माहीमला तुझी गल्ली सापडेना. टॅक्सीवाला म्हणाला, “आजी, हॉटेलाचं नाव सांगून काय उपयोग? इथे गणपतीत वडापाव असतो, होळीला तिथेच चायनीज.” मी हसले. पण खाली उतरून पाहिलं तर खरंच तसं. एका दुकानाचं शटर ओढलेलं, आतल्या खुर्च्या उलट्या. शेजारच्याला फुग्यांची कमान, कालच उघडलेलं. तुझ्या पाटीच्या कडेने जुन्या पाटीवरच्या मोमोचं चित्र डोकावत होतं, तेवढं झाकायलाही कुणाला सवड नव्हती. तिसऱ्यांच्या शिंपल्या शिजत घातल्या की तोंडं उघडतात ना, तशी ही हॉटेलं. उघडलं म्हणजे आतला जीव गेलाच म्हणून समजावं.

वर ‘आत्याचं रांधप’ लिहिलेलं पाहिलं आणि खरं सांगते, माझं काळीज सुपाएवढं झालं. आयुष्यभर मी नाक्यावर खानावळ चालवली. तिला कधी पाटी नव्हती, त्यामुळे हात थकले तेव्हा काढायलाही काही नव्हतं. निखारे विझवले, झालं. आणि इथे माझ्या नावाचे दिवे!

मग आत आले. मृणाली, तुझ्या धंद्याला नावं ठेवायला हे पत्र नाही, पण शिसारी आली ती आली. सोलकढी काचेच्या नळीत. घावनाच्या पोटात चीज. फणसाची भाजी पावात कोंबलेली. सुकटीची चटणी खेळण्यातल्या होडीत, चिमणीसुद्धा उपाशी राहील एवढी. एका ताटाखालून भसाभसा धूर आला, मला वाटलं काही पेटलं. मी पाण्याचा तांब्या उचलला तर पोऱ्या ओरडला, “आजी, तो डेकोरेशनचा आहे!” हात धुवायला मागे गेले तर वाटणाच्या बर्फाळ विटा ओट्यावर आपटून फोडत होते, आणि तळणीतलं तेल काकवीसारखं काळं. ज्या घरात शिळं खोबरं गुरांपुढेसुद्धा ठेवलं नाही, त्या घराचं नाव वर लिहिलेलं.

हे सगळं मी गिळलं असतं. शहरात असंच चालत असेल म्हटलं असतं. आतापर्यंत लिहिलं ते सगळं म्हणजे खरं लिहायचं टाळण्यासाठीच म्हण.

भिंतीवर माझा फोटो होता. चुलीपाशी बसलेली, तूच काढलेला. त्याला चंदनाचा हार. खाली पणती. आणि मोठ्या अक्षरांत, ‘आत्या गेली, चव राहिली.’

मी शिकले ती पुडीच्या कागदांवरची अक्षरं जुळवत, म्हणून वाटलं, वाचण्यात आपलंच काही चुकलं. पुन्हा वाचलं. तेच होतं. शेजारी निळ्या साडीतल्या एक बाई हात जोडून उभ्या होत्या, डोळे भरलेले. मला म्हणाल्या, “माझीही आत्या अशीच होती हो. अशी माणसं आता होत नाहीत.” मी म्हटलं, “होय.” स्वतःच्या सुतकाला मी स्वतः हजर. दादा गल्ल्यावर बसला होता. त्याने मला पाहिलं आणि सुट्टे पैसे लावत बसला.

गंगुबाईला परवा सांगितलं. तोवर सगळ्यांना ‘हॉटेल झकास, गर्दी मायंदाळ’ असंच सांगत होते. ती हसत सुटली. म्हणाली, “अगो, कावळा शिवला असा समज नि सोड. मेल्याची खोटी बातमी दिली की आयुष्य वाढता. शंभरी गाठतेस बघ!” मीही हसले. पण रात्रभर विचार केला. आपल्याकडे कावळा डोक्याला शिवला की पाहुण्यांना खोटी बातमी धाडतात, ते रडून घेतात, हे खरं. पण ज्याने बातमी धाडली त्यानेच त्याच दिवशी ‘माणूस आहे’ असं सांगायचं असतं. तेवढं केलं नाही तर तो विधी कसला? मग ते नुसतं मारणंच झालं.

संदेशच्या फोनवर तू बोलून पाठवलंस ते त्याने मला ऐकवलं. “आत्या, रागावू नकोस. दोनदा बुडालो आम्ही. लोकांना जेवणाबरोबर गोष्ट लागते. जिवंत माणसाच्या गोष्टीला कोण विचारतं?” पोटासाठी केलंस, कळतं मला. हारासाठी मी रुसले नाही. या वयात आज ना उद्या तो घालायचाच, तू जरा घाई केलीस इतकंच.

पण त्या निळ्या साडीच्या बाईंनी माझ्याकडे बोट करून तुला विचारलं, “या आत्यांच्या कोण?” आणि तू माझ्याकडे नीट बघून म्हणालीस, “गावच्या आहेत. आमच्याकडे कामाला असायच्या.”

तुझी आई गेली तेव्हा तुला चालता येत नव्हतं. तुझा बाप, आमचा दादा, बोटीवर कामाला. मी तुला पाठीला बांधून खानावळीत भाकऱ्या थापल्या. गिऱ्हाईकं विचारायची, “ही कोणाची गो?” मी म्हणायचे, “माझी.” आत्या आहे, भाची आहे, असा खुलासासुद्धा कधी केला नाही. एका शब्दात सांगून टाकायचे.

त्या दिवशी तुझं ते उत्तर ऐकलं, नारळाची पिशवी तिथेच दारात ठेवली आणि मिळेल ती गाडी धरली. ती कोकमं बर्फात घालू नका.

फोटो ठेव, नाव ठेव, हारही ठेवायचा तर ठेव. ते तुझं तू बघ. पण त्या बाई तुझ्याच इमारतीतल्या, असं त्या दिवशी दादा पोऱ्याला सांगत होता. त्यांना गाठ आणि सांग, त्या दिवशी दारात होती ती कामवाली नव्हती. काय होती ते तुझ्या तोंडाने सांग. गिऱ्हाईक तुटलं तर तुटू दे. एवढं केल्याशिवाय मी माहीमला येणार नाही आणि तुलाही इथे ये म्हणणार नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहिते आहे.

आणि सांगून झालं की लवकर पत्र पाठव. फोन नको. फोनवर तू रडशील, मी लगेच ‘असू दे गो’ म्हणेन, आणि या वेळी मला ‘असू दे’ म्हणायचं नाही. पाकिटावर नुसतं माझं नाव घालू नकोस, नातंही घाल. पोस्टमनलाही कळू दे.

इथे खाली ‘तुझी’ एवढंच लिहिते. पुढचा शब्द तू लिहायचा.

तुझी
सावित्री