माझी सही ठोक

शनिवार, ९ नोव्हेंबर

चि. लाडोबास,

ताईचे आशीर्वाद. मी आणि आई इकडे ठीक आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती स्वतः त्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत उत्तम आहे. तुझी, तुझ्या बायकोची आणि नव्या गाडीची खुशाली कळव. गाडीचा फोटो पाहिला. रंग छान निवडलास. बॉनेटला रेलून उभा राहताना पोटही आत ओढून घेतलं आहेस. गाडी माझ्या नावावरच्या कर्जाची, आणि मला तिच्यात एकदाही बसवलं नाहीस, एवढीच माझी तक्रार आहे. म्हणजे एवढीच नाही, पण क्रमाने सांगते.

लिफाफ्यावरचं अक्षर ओळखू आलं नसेल. कुणा शाळकरी पोराने पत्ता लिहिलाय असं वाटलं असेल. ते अक्षर माझंच आहे. असं का झालंय ते पुढे येईलच. हे पत्र लिहायला घेतल्याला आज चौथा दिवस आहे, तेव्हा तू वाचायला दहा मिनिटं काढ. गाडी धुवायला काढतोस तेवढी.

मागच्या महिन्यात एका सकाळी मी कारखान्यात पुठ्ठ्यांना खळ लावत बसले होते. एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल, आवाज अगदी गोड. मला वाटलं, हजेरीपटांची ऑर्डर घेऊन आलाय. मी स्टूल पुढे केलं, चहाचं विचारलं.

"चहा नको, ताई," तो म्हणाला. "तीन हप्ते थकलेत. तुम्ही फोनच उचलत नाही."

"कुठला फोन?"

त्याने नंबर वाचून दाखवला. तो तुझा दुसरा नंबर होता, ज्यावरून तू फक्त अडचणीत असलास की बोलतोस. मला तो पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्या कर्ज कंपनीत गेले. काउंटरमागे एक चष्मेवाली बाई होती. तिने अर्ज माझ्यासमोर ठेवला. माझा फोटो, माझी ओळखपत्रं, माझी जन्मतारीख. उत्पन्नाच्या रकान्यात तू माझा कारखाना असा काही रंगवलायस की मलाच तिथे नोकरी मागावीशी वाटली. अठरा कामगार म्हणे! इथे शिवणीला दोन बायका आहेत, आणि त्यातली एक आठवड्यातून तीनदा दाढदुखीने घरी असते.

आईच्या पेन्शनवर नाव लावायचं म्हणून तू माझी कागदपत्रं मागायला आला होतास, ते आठवलं. दोन प्रती काढून आणतो म्हणालास. बिचारा धावपळ करतोय म्हणून मी तुला रिक्षाचे पैसेही दिले होते. इतकी बावळट बहीण मिळायलाही नशीब लागतं, लाडोबा.

"इथे, इथे आणि इथे," बाई बोट ठेवत गेली. सात ठिकाणी सही होती. "ही तुमचीच ना?"

तुला खरं सांगते, 'हो' म्हणायला मी तोंड उघडलं होतं. इतकी ती माझी होती. पहिल्या अक्षराचा तो मोठा पोटफुगा वळसा, शेवटी मागे येणारी रेघ, तिच्याखाली दोन टिंबं. सातही ठिकाणी तशीच, एकही वाकडी नाही. मी ती बघतच राहिले. गेलेलं माणूस रस्त्यात समोरून यावं तसं मला झालं.

बाईने सांगितलं ते सरळ होतं. सही माझी नसेल तर पंधरा दिवसांत पोलिसांत तक्रार करायची, तिची प्रत त्यांना आणून द्यायची. नाहीतर कर्ज माझंच धरणार आणि तू तारण दाखवलेल्या कारखान्याला कुलूप ठोकणार. बाबांनी ज्या टेबलावर आयुष्यभर वह्या शिवल्या ते टेबल, कटिंग मशीन, प्रेस, सगळं जाणार. तुझ्या गाडीच्या सीट कव्हरसाठी.

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला. तू काय म्हणालास ते तुला आठवत नसेल, कारण तू बोलतोस आणि मोकळा होतोस. मला शब्द न् शब्द आठवतो.

"ताई, तू उगाच राईचा पर्वत करतेयस. तात्पुरतं आहे गं. घरातलीच गोष्ट आहे."

"माझी सही केलीस तू."

"मग? नवीन काय त्यात? तूच दिलीस मला ती सही. मालाची जुनी चलनं आहेत माझ्याकडे, गठ्ठाच आहे. सगळ्यांवर तुझी सही, आणि सगळ्या मी केलेल्या. पोलिसांना दाखवू का?"

मी फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल, ताई घाबरली. बरोबर वाटलं. मी घाबरले होते.

कारण ते खरं आहे. हे मी आजवर कारखान्याबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा. तू सतरा-अठरा वर्षांचा असताना कारखान्यात यायचास. माल पोचवणारा टेम्पो दारात हॉर्न मारत उभा, माझे दोन्ही हात कोपरापर्यंत खळीने माखलेले, आणि चलनावर मालकिणीची सही हवी. मी मान वर न करता ओरडायचे, "अरे, माझी सही ठोक!" आणि तू ठोकायचास. आधी तू ती कापलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर गिरवलीस, चांगली आठवडाभर. मी त्या पट्ट्या उचलून बायकांना दाखवल्या होत्या. म्हटलं, बघा, माझ्यापेक्षा सुबक करतो. तुझ्या हातून आयुष्यात नीट झालेलं ते एकच काम, आणि ते मी शिकवलं.

म्हणून पंधरातले नऊ दिवस मी नुसती बसून राहिले. मनात म्हणायचे, चूक तर माझीच. आईनेही जाऊ नकोस असंच लावून धरलं होतं. "गाडी विकेल तो, फेडेल. पोलिसांत कशाला जायचं? एकुलता एक आहे गं." मी म्हटलं, "आई, मुलगी तरी तुला दुसरी कुठे आहे?" त्यावर ती गुडघा चोळत बसली.

दहाव्या दिवशी मी कंपनीने दिलेल्या अर्जाची प्रत पुन्हा काढली. तुझी कारागिरी बघायला म्हणून, दुसरं काही नाही. सहीच्या शेजारी तारीख होती. याच वर्षीची, जूनमधली. आणि तेव्हा मला जे हसू फुटलं, त्याने आई आतून धावत आली.

आता अक्षराचं सांगते.

चार वर्षांपूर्वी कटिंग मशीनने माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं नेली. अर्धी, पुरती नाही. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. तेव्हापासून मी डाव्या हाताने लिहिते. बँकेत नवी सही नोंदवली आहे, सगळीकडे तीच चालते. जी सही तू सात वेळा काढलीस, ती करू शकणारा हात या जगात तुझ्याखेरीज कुणाकडे नाही. माझ्याकडे तर नाहीच नाही.

तुला कळवलं नव्हतं असं म्हणू नकोस. आईने फोनवर सांगितलं होतं, "ताईच्या हाताला लागलंय." तू म्हणालास, "मलम लावायला सांग." मग तुला दुसरा फोन आला. त्यानंतर चार वर्षांत तू तीनदा आमच्याकडे येऊन गेलास. मी हात एप्रनच्या खिशात ठेवायचे. पाणी डाव्या हाताने दिलं, जेवण डाव्या हाताने वाढलं. ती कागदपत्रंसुद्धा डाव्या हाताने दिली. तू सगळी नीट तपासून घेतलीस, एक पान चिकटलं होतं ते फुंकर मारून सोडवलंस. माझ्याकडे काही तू पाहिलं नाहीस.

हात का लपवला, तेही आता लिहून टाकते. तुझ्या दुकानाची अनामत भरायची होती ना, जे दुकान तू पाच महिन्यांत बुडवलंस? ते पैसे उभे करायला मी तीनशे रजिस्टरांची घाईची ऑर्डर घेतली होती. दोन रात्री झोपले नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी डुलकी लागली आणि मशीन खाली आलं. मला वाटलं, तुला कळलं तर तुला फार लागेल. वाचतोयस ना? तुला लागेल म्हणून मी चार वर्षं खिशात हात घालून वावरले. तुझा मला राग येतो म्हणावं तर तेवढी तुझी लायकी नाही. राग मला त्या एप्रन घातलेल्या बाईचा येतो.

चलनांचं मी स्वतःच पोलिसांना सांगितलं. खळीपासून पट्ट्यांपर्यंत सगळं. ठाण्यातल्या हवालदारीण बाईने लिहून घेतलं, मग माझा हात टेबलावर ठेवायला सांगितला आणि शेजारी तुझा अर्ज ठेवला. दोन्हींकडे बघून म्हणाली, "भाऊ सख्खा आहे?" मी हो म्हटलं. तिने ते वेगळं लिहून घेतलं. तेव्हा तुझा गठ्ठा जपून ठेव. तिला तो हवाच आहे, त्यावरून अर्जावरचा हात कुणाचा ते जुळवता येईल म्हणाली.

सोमवारी तुला बोलावणं येईल. आईच्या नावाने गळा काढू नकोस, म्हणून तिचंही सांगते. मला कफाचं बटण लावता येत नाही, चार वर्षं ती लावून देते. ठाण्यात जायच्या सकाळी मी बाही घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. कुठे चाललेय ते तिला ठाऊक होतं. बराच वेळ ती बटण हातात धरून बसली. मग तिने ते लावलं, दुसऱ्या बाहीचंही लावलं, आणि म्हणाली, "ऊन व्हायच्या आत जाऊन ये."

तुझ्या बायकोला माझा राग नाही असं सांग. गाडीत पेट्रोल भरू नकोस, वाया जाईल.

खाली माझी सही करते आहे. वाकडी आहे, रेघ थरथरते, आणि एकदा करायला अजूनही मला मिनिटभर लागतं. तक्रारीवर हीच केली. तुझ्याकडे पट्ट्या नसतील, मोकळा वेळ मात्र पुढे बराच मिळेल. गिरवून बघ, ही तुला जमते का.

तुझी
ताई