माहुलीचा सुळका दिसतो का?

शहापूर, श्रावणातला मंगळवार, १९९८

सकाळपासून तो सुळका डोळ्यांपुढून हलत नाही.

माझ्या नीलूला बाविसाव्या वर्षीच जाड चष्मा, आणि नंबर वाढतोच आहे. रविवारी मुरबाडची मंडळी तिला पाहायला येणार, म्हणून मीच चष्मा काढून ठेवायला लावला. रोज रात्री त्रिफळा भिजत घालते, सकाळी ते पाणी फडक्यातून गाळून तिला डोळे धुवायला देते. मिशनच्या शाळेत सिस्टर आम्हाला डोळ्यांसाठी कच्ची गाजरं खायला लावत, त्याच मायेनं, त्याच हट्टानं. मग अंगणात समोरच्या गडाकडे तोंड करून उभी करते नि विचारते, "माहुलीचा सुळका दिसतो का गं?"

आज म्हणाली, "दिसतो की! वरची माकडंपण दिसतात."

केवढा आनंद झाला! वळून पाहिलं, तर माहुली अख्खी ढगात. सुळका मला माझ्या चष्म्यातूनही दिसेना.

"नीलू, अगं, गड तरी कुठाय?"

आधी हसली, मग तिचे डोळे भरले. "तू रोज एवढं गाळतेस, आई. नाही कसं म्हणू?"

म्हणजे किती दिवस पोर माझ्यासाठी सुळका बघत होती? आणि घरभर चाचपडत...

नाही, आता बास. चष्मा परत दिलाय. उद्या कल्याणला नेऊन नंबर तपासायचाच. त्रिफळ्यानं थंडावा मिळतो म्हणते, तो चालू राहू दे. पण रविवारी ती चष्मा लावूनच बसेल. मंडळी तिला बघतील, तसा तिलाही मुलगा नीट दिसायला हवा.