आदोर

बालीगंज, २० मार्च १९७४

चि. श्यामकांत यास,

मंगळवार, १२ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. ही वेळ आधी टिपून घे, आशीर्वाद त्यानंतर. सुनीतीचा खोकला थांबला असेल. माझे गुडघे आहेत तिथेच आहेत.

तुमच्या मराठी मंडळाने शिशुवर्गाच्या बाईंना मुलांच्या सुरक्षिततेचं तीन आठवडे शिक्षण दिलं आणि त्यांची परीक्षा घ्यायला मला बसवलं, कारण निवृत्त मुख्याध्यापिका आत्या आयती मिळते. काय शिकवलंत? आयोडीन कुठे लावावं, जिन्याला फाटक, रस्ता ओलांडणं. माणसांपासून मूल कसं सांभाळावं याचा एक तास नाही.

आणि त्या बाईंपैकी उज्ज्वला गुरुवारी तुझ्याकडे आली, दत्तात्रयना मुलं घरी पोहोचवायच्या कामावरून काढा म्हणाली, तेव्हा तू काय म्हणालास ते तिने मला सांगितलं. "नापास मुलीच्या सांगण्यावरून आपल्यातल्या माणसाला काढू?" वर माझाच कागद तिच्यापुढे धरलास.

तो कागद. इथवर लिहून मी दोनदा उठले, चहा केला, प्यायले नाही.

त्या मंगळवारी उज्ज्वला गोष्ट सांगत होती. पाच वर्षांची एक मुलगी, तिचं नाव मी लिहिणार नाही, मध्येच उठून म्हणाली, "दत्ताकाका मला आदोर करतात. मला नको." उज्ज्वला गोष्ट सोडून तिच्याशेजारी बसली, हळू आवाजात विचारू लागली. मागच्या खुर्चीवरून मी म्हटलं, "आदोर नव्हे बाळ, आदर. आणि आदर आपण मोठ्यांचा करायचा."

मुलगी जागेवर जाऊन बसली. मी शेरा लिहिला: अशुद्ध भाषा खपवून घेते, वर्गावर ताबा नाही. नापास.

अडतीस वर्षं मी कलकत्त्यात आहे. आदोर म्हणजे कुरवाळणं, हे मला ठाऊक नाही? खालच्या मजल्यावरची बंगाली आजी नातवाला जवळ घेताना दिवसातून दहादा म्हणते. रविवारी तिचा आवाज आला आणि मी जिन्यातच बसले. मग उज्ज्वलाचं घर शोधत गेले. तिला तो शब्द तेव्हाच कळला होता. मला वाक्य चुकलेलं दिसलं, मूल दिसलं नाही.

सोमवारी मुलीच्या आईला भेटले. मुलगी आता काहीच सांगत नाही. इतकंच म्हणते, "बाई रागावतात." त्या बाई म्हणजे मी.

उज्ज्वलाचा नवा कागद सोबत आहे. जुना फाडू नकोस, माझ्या सहीसकट जपून ठेव. शनिवारी मुलं चिडियाखान्यात प्राणी बघायला जाणार आहेत आणि सोबत जाणाऱ्यांच्या यादीत दत्तात्रयचं नाव पहिलं आहे. ते मुलांजवळ पुन्हा फिरकणार नाहीत, असं मला शुक्रवारी, २२ मार्चला, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. निरोप नको, सुनीतीला मध्ये घालू नकोस. उत्तर आलं नाही, तर शनिवारी सकाळी मी बसच्या दारात उभी राहीन आणि एकेका आईला हे पत्र वाचून दाखवीन, माझ्या शेऱ्यासकट.

नापास,
तुझी शकुनआत्या