वाटी मूळचीच आहे

या मृत्युपत्रातून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: माझ्या कपाटातील चकमकीचे लष्करी पिस्तूल सर्व मूळ भागांसह अस्सल आहे आणि माझ्या धाकट्या भावाने त्याची जी किंमत सांगितली होती ती रास्त होती. मालमत्तेची व्यवस्था ओघाने येईल. ती फारशी नाहीच.

मी, लिलावघरात जुन्या शस्त्रांची पारख करण्यात हयात घालवलेली, व्यापाऱ्यांत ‘भिंगवाली’ म्हणून ओळखली जाणारी अविवाहित स्त्री, हा लेख स्वहस्ते लिहीत आहे. निकामी होत चालली आहेत ती फुप्फुसे, बुद्धी नव्हे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला या घरी कोणी येत नाही.

कलम पहिले. राहत्या दोन खोल्या भाचीला, म्हणजे भावाच्या एकुलत्या एका मुलीला द्याव्यात. तिला येथे राहायचे नसेल हे मी गृहीत धरते. मात्र विकण्यापूर्वी मोरीतला गळका नळ दुरुस्त करावा. गिऱ्हाईक नळावरून घर जोखते.

कलम दुसरे. भाऊ ज्या शुश्रूषागृहात आहे त्याच्याकडे बँकेतील शिल्लक वर्ग करावी. आपण कोठे आहोत हे त्याला कळत नाही. ते कळण्यासाठी ही रक्कम नाही, अंथरूण कोरडे राहावे यासाठी आहे.

कलम तिसरे. भिंगे आणि एकेका खाचेच्या मापाने घासून घेतलेले स्क्रूड्रायव्हर लिलावघरात माझ्या जागी आलेल्या गृहस्थांना द्यावेत. पॉलिशची कापडे देऊ नयेत, जाळावीत. या गृहस्थांनी गेल्या वर्षी एका जुन्या पिस्तुलाची नळी आरशासारखी घासली आणि कौतुकाने मला दाखवली.

“बाई, बघा तरी, कशी नवीकोरी दिसतेय!”

“म्हणूनच किंमत निम्मी झाली,” मी म्हटले. त्यांना तो विनोद वाटला. अजूनही वाटत असावा.

कलम चौथे. पिस्तूल.

ते वडिलांच्या ट्रंकेत होते आणि त्यांच्या पश्चात भावाकडे गेले. भाऊ ज्या कारखान्यात लेथ चालवत असे तो कारखाना मालक वयोमानामुळे विकायला निघाला होता. पिस्तुलाला चांगला भाव आला असता तर कारखाना भावाचा झाला असता. जुनी शस्त्रे जमवणारे एक दातांचे डॉक्टर घ्यायला तयार होते. अट एवढीच, की भिंगवालीने अस्सल म्हणून लिहून द्यावे.

“ताई, लिही पटकन. डॉक्टर खाली गाडीत बसलेत.”

“बसू देत. त्यांचे पेशंटही बसतात.”

मी भिंग लावले. नळीवर गंजाचे खड्डे होते. पण ज्या छोट्या वाटीत ठिणगी पडून दारू पेटते आणि जी सर्वांत आधी खराब होते ती वाटी स्वच्छ होती.

“वाटी नंतर बसवलेली आहे,” मी म्हटले. “निम्मी किंमत.”

“अगं, ह्याला कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही! पोरवयापासून त्या ट्रंकेला टेकून झोपलोय मी.”

“तुला विकायचंय. तुझं म्हणणं मला धरता येत नाही.”

त्याने पिस्तूल माझ्या टेबलावर ठेवले. “मग ठेव तुझ्यापाशीच. तुझा खरेपणा तुला लखलाभ!”

तो जिना उतरला आणि पुन्हा चढला नाही. कारखाना दुसऱ्याने घेतला. नव्या मालकाने भावाला त्याच लेथवर पगारी कामगार म्हणून ठेवले. हात चालेनासे होईपर्यंत तो तेथेच होता.

आता पुरावा. चकमकीची कळ, म्हणजे ठिणगी पाडणारी सगळी यंत्रणा, पिस्तुलाच्या अंगाला दोन स्क्रूंनी जखडलेली असते. त्या स्क्रूंच्या खाचा कोऱ्या, कधी न फिरवलेल्या होत्या, जुने तेल त्यांत दगडासारखे घट्ट झालेले. कोरा स्क्रू फिरवू नये हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, म्हणून मी तेव्हा कळ उघडली नव्हती. या हिवाळ्यात उघडली, कारण जपून ठेवण्याइतका काळ मला उरलेला नाही. वाटीच्या पाठीवर, घोड्यावर आणि हे भाग ज्यावर बसतात त्या पट्टीवर कारागिराने कानशीने पाडलेल्या त्याच तीन तिरक्या खुणा निघाल्या. पिस्तूल कधी झाडलेच गेले नव्हते. ट्रंकेतल्या ओलीने नळी खाल्ली. वाटीवर झाकण होते, म्हणून ती वाचली.

खरे तर उघडण्याचीही गरज नव्हती. वाटी आतून बसवलेली असते. कळ काढल्याविना ती बदलता येत नाही. स्क्रू फिरवल्याविना कळ निघत नाही. स्क्रू फिरलेले नव्हते. तिन्ही विधाने मला त्या दिवशी ठाऊक होती. निष्कर्ष मी काढला नाही.

आणि आता स्क्रू फिरले आहेत, माझ्याच हाताने. पुढचा पारखी खाचेवरचा ताजा ओरखडा पाहील, स्वच्छ वाटी पाहील आणि मी म्हटले तेच म्हणेल. कानशीच्या खुणा मागाहूनही पाडता येतात, तेव्हा शहाण्या माणसाने तसेच म्हणावे. म्हणून रास्त किंमत भावाने सांगितलेली, आणि प्रत्यक्ष मिळणारी निम्मी, अशी नोंद करावी.

हे सांगायला मी भाचीकडे गेले होते. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

“आत्या, बाबांना आता चमचा कशाला म्हणतात ते आठवत नाही. त्यांना काय पिस्तूल सांगणार तू?”

“म्हणून तुला सांगते. ते अस्सल आहे.”

“ते तर बाबा पहिल्यापासून सांगत होते.”

मी उंबऱ्यावरूनच परतले.

नंतर मी शुश्रूषागृहात जाऊन वरील पुरावा भावासमोर सावकाश वाचला. त्याने शेवटपर्यंत ऐकले. मग परिचारिकेला विचारले, “ह्या बाई कोण? बोलतात छान.”

पिस्तूल भाचीला द्यावे. तिने नाकारल्यास येईल त्या किमतीला विकावे आणि हे कलम घेणाऱ्याच्या हाती द्यावे. तो विश्वास ठेवील अशी माझी अपेक्षा नाही.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरील शिंपी (सही). दाखला देणारे डॉक्टर (सही). दोघांनी मला सही करताना पाहिले आहे. दोघांनाही या लेखातून काहीही मिळत नाही.

स्थळ: राहते घर, पुढची खोली. दिनांक: ११ फेब्रुवारी.

सही: भिंगवाली

कबुली, वेगळ्या सहीने. त्या दिवशी माझ्यासमोर एकच प्रत्यक्षदर्शी होता. त्याला विकायचे आहे, एवढ्याच कारणावरून मी त्याची साक्ष बाद केली. बोलण्यात फायदा आहे म्हणून बोलणे खोटे ठरत नाही. चूक माझी.

सही: त्याची ताई